बॉक्सर आणि बॉक्सिंगची चड्डी : ‘फरक स्पष्ट करा’ लिहिण्याआधी

माझा मामेभाऊ तुमसरला नववीत आहे. गेल्या वर्षी शाळेत बॉक्सिंग शिकवायला एक सर येऊ लागले आणि हा पठ्ठ्या त्यात चांगलाच रमला. निवड चाचणीच्या आदल्या दिवशी सरांनी सांगितलं, “उद्या बॉक्सरची चड्डी घालून ये.” मामा संध्याकाळी बाजारात गेले. दुकानदाराला म्हणाले, “पोराले बॉक्सर पायजे.” त्याने विचारलं, “कोनत्या साइजचा देऊ जी?” आणि निळ्या चौकड्यांचा, पुढे दोन बटणं असलेला सुती बॉक्सर पिशवीत घालून दिला.

दुसऱ्या दिवशी पंचांनी पोराला रिंगच्या खालूनच परत पाठवलं. हे आतून घालायचं कापड आहे, खेळाचा पोशाख नाही. अर्ध्या मांडीपर्यंतही पोहोचत नव्हतं, कमरेची रेषा ओळखू येत नव्हती, आणि आत गार्ड लावलं की पुढची बटणं उघडत होती. कुणाची तरी उसनी चड्डी मिळेपर्यंत त्याची पाळी निघून गेली. त्या रात्री घरी कुणी फारसं बोललं नाही. मामांचं आपलं एकच पालुपद, “मी त बॉक्सरच मांगतला होता.”

मामा बरोबरच होते. सरही बरोबर होते, दुकानदारही. तिघांनी एकच शब्द वापरला आणि तिघांच्या डोक्यात तीन वस्तू होत्या. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा आरआरसीसमोर मांडायचा आराखडा लिहीत असाल, तर ही चड्डीची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडे निम्म्या आराखड्यांची शीर्षकं ‘अमुक आणि तमुक यांचा तुलनात्मक अभ्यास’ अशी असतात. तुलना म्हटलं की आपला हात आपोआप शाळेतल्या ‘फरक स्पष्ट करा’कडे जातो: मधोमध उभी रेघ, डावीकडे चार मुद्दे, उजवीकडे चार मुद्दे. मलाही तीच सवय होती. बॉक्सर सुती, ट्रंक्स चकचकीत. बॉक्सर आखूड, ट्रंक्स लांब. बॉक्सर आत, ट्रंक्स बाहेर. चार गुण मिळतील. पण या तक्त्यातून कळत काहीच नाही, कारण त्यात ‘का’ कुठेच येत नाही.

नाव कुठून आलं

आधी नावाचा गुंता सोडवू. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जेकब गोलोम्ब यांनी १९१० मध्ये एव्हरलास्ट ही कंपनी सुरू केली. ती पुढे बॉक्सिंगच्या सामानासाठी प्रसिद्ध झाली. त्या काळचे बॉक्सर कमरेला चामडी पट्टा असलेली चड्डी घालत. १९२५ मध्ये गोलोम्ब यांनी पट्ट्याऐवजी इलॅस्टिक लावलेली सैल ट्रंक्स तयार केली. फायदा सरळ होता. वाकताना, वळताना, श्वास भरून घेताना कंबर कमी-जास्त होते. इलॅस्टिक तिच्याबरोबर हलतं, चामडं हलत नाही. पुढे याच घाटाच्या सैल, इलॅस्टिकवाल्या अंतर्वस्त्राला ‘बॉक्सर शॉर्ट्स’ म्हणू लागले. म्हणजे रिंगमधून घरात आलं ते इलॅस्टिक, सैलपणा आणि नाव. वापर आला नाही. आपला सगळा घोळ तिथून सुरू होतो.

सुरुवातीला हे सैल अंतर्वस्त्र पुरुषांना फारसं रुचलं नाही. कारण साधं, आधार मिळत नाही. १९३५ च्या जानेवारीत शिकागोच्या एका मोठ्या दुकानात कूपर्स कंपनीची घट्ट, आखूड ब्रीफ विकायला आली आणि हातोहात खपली. तिचं नाव जॉकी. ते नाव आलं जॉकस्ट्रॅपवरून, आणि जॉकस्ट्रॅप निघाला होता १८७४ मध्ये, दगडी रस्त्यांवरून सायकल हाकणाऱ्यांना आधार मिळावा म्हणून. थोडक्यात, घट्ट आणि सैल या दोन्ही अंतर्वस्त्रांची नावं खेळातून आली आहेत. ही माहिती पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

आता आपल्याकडे या. आजोबांची नाडीवाली पट्टेरी चड्डी आठवते? सुती, सैल, मांडीपर्यंत, दुपारी ओसरीवर तेवढ्यावर बसता येणारी. घाट बघितला तर तो शंभर टक्के बॉक्सर आहे, फक्त इलॅस्टिकच्या जागी नाडी. तरी तिला बॉक्सर कुणी म्हटलं नाही, कारण ती आपल्याकडे बॉक्सिंगमधून आलेलीच नव्हती. आणि आज दुकानात ज्याला बॉक्सर म्हणतात त्यातले निम्मे प्रकार खिसेवाले असतात. पोरं ते घालून पान टपरीपर्यंत जाऊन येतात. म्हणजे नाव एक आणि वस्तू अनेक, तसंच वस्तू एक आणि नावं अनेक. संशोधनात याला उपाय असतो कार्यात्मक व्याख्येचा: मी ‘बॉक्सर’ म्हणतो तेव्हा नेमकं काय मोजायचं किंवा बघायचं, हे आधी लिहून ठेवायचं. मामांनी दुकानदाराला ‘रिंगमध्ये घालायची’ एवढे दोन शब्द जास्त सांगितले असते तर व्याख्या पुरी झाली असती.

आत काय आहे, ते विचारा

खरा फरक रंगाचा नाही, लांबीचाही नाही. तो थरांचा आहे.

घरचा बॉक्सर हा सर्वांत आतला थर. तो थेट कातडीला लागतो, त्यावर पँट येते. रिंगमधली ट्रंक्स हा सर्वांत बाहेरचा थर. तिच्या आत सपोर्टर असतो आणि पुरुष खेळाडूंना कप, म्हणजे जांघेचं कठीण संरक्षक गार्ड, लावावंच लागतं. आधार देण्याचं काम आतल्या थराकडे, झाकण्याचं आणि हालचाल मोकळी ठेवण्याचं काम बाहेरच्या थराकडे. ही कामाची वाटणी आपल्याला नवी नाही. आखाड्यात पैलवान आधी लंगोट कसतो आणि वर जांघ्या चढवतो. लंगोट आधाराला, जांघ्या झाकायला आणि प्रतिस्पर्ध्याला पकड मिळायला. ट्रंक्सची जोडी लावायचीच असेल तर ती जांघ्याशी लावा, बॉक्सरशी नको. बॉक्सर अंतर्वस्त्राची जोडी लावायची तर ती लंगोटाशी लागते, आणि तिथे मात्र तुलनेला अर्थ येतो: एकाच थरावरची दोन कापडं, एक घट्ट आधार देणारं, दुसरं मोकळं सोडणारं.

इथे थोडं थांबा आणि आपल्या विषयाच्या शीर्षकाकडे बघा. तुम्ही ज्या दोन गोष्टींची तुलना करताय त्या एकाच थरावरच्या आहेत का? की नाव सारखं आहे म्हणून शेजारी बसवल्यात?

कमरेचा पट्टाही असाच फसवा. दोन्हीकडे रुंद इलॅस्टिक दिसतं, म्हणून तक्त्यात आपण ‘साम्य’ लिहून मोकळे होतो. घरच्या बॉक्सरमध्ये पट्टा रुंद असतो तो टोचू नये म्हणून, आणि हल्ली कंपनीचं नाव दिसावं म्हणूनही. रिंगमध्ये तोच पट्टा नियमाचा भाग होतो. बॉक्सिंगमध्ये कमरेच्या रेषेखाली मारलेला ठोसा फाउल. ही रेषा बेंबीपासून नितंबाच्या हाडांच्या वरच्या टोकांपर्यंत जाते असं धरतात. पंचाला आणि गुण देणाऱ्यांना ती क्षणात दिसायला हवी, म्हणून पट्टा बनियन आणि चड्डीपासून वेगळा उठून दिसेल असा लागतो. आंतरराष्ट्रीय हौशी बॉक्सिंगच्या नियमांत ट्रंक्सची लांबीही बांधलेली आहे: अर्ध्या मांडीपेक्षा वर नको, गुडघा झाकायला नको, आणि कमरेच्या रेषेवरही चढायला नको. शेवटची अट का, ते ओळखा बघू. ट्रंक्स जितकी वर ओढाल तितकं पोट ‘कमरेखाली’ गेल्यासारखं दिसतं आणि समोरच्याला मारायची जागा कमी उरते. चार बोटं इलॅस्टिक वर सरकलं की खेळाचा न्याय सरकतो. घरच्या बॉक्सरचा पट्टा वर सरकला तर कुणाचं काय बिघडतं?

म्हणून मी विद्यार्थ्यांना म्हणतो, दोन वस्तूंमध्ये साम्य दिसलं की लगेच आनंदून जाऊ नका. ते साम्य दोन्हीकडे एकाच कारणाने आलंय का, ते तपासा.

कापड

कापडाबाबत बहुतेक जण एक चूक करतात: ‘बॉक्सर कॉटनचा, ट्रंक्स सॅटिनची.’ कॉटन हा धागा आहे आणि सॅटिन ही वीण आहे. हे म्हणजे ‘एक भाऊ डॉक्टर आहे आणि दुसरा उंच आहे’ असं सांगण्यासारखं. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावला कोशाचं कापड विणणाऱ्या कुणालाही विचारा, धागा आणि वीण या दोन वेगळ्या निवडी आहेत हे तो पहिल्या मिनिटात सांगेल. साध्या विणीत धागा एकाच्या वरून, एकाच्या खालून जातो. सॅटिन विणीत तो चार किंवा जास्त धाग्यांवरून तरंगत जातो आणि मग एकाखाली शिरतो. त्या लांब तरंगांमुळे कापड चमकतं आणि मांडीवर घसरतं, अडकत नाही. पायांच्या चपळ हालचालीला ते सोयीचं. सॅटिन रेशमाचं होतं, सुताचंही होतं. ट्रंक्समध्ये सहसा पॉलिएस्टरचं असतं.

धाग्याकडे बघायचं तर ओलाव्याचा आकडा उपयोगी पडतो. प्रमाणित हवेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण ७ ते ८ टक्के ओलावा धरून ठेवतो, रेशीम ११ टक्क्यांच्या आसपास, आणि पॉलिएस्टर फक्त ०.४ टक्के. हा आकडा हवेतल्या बाष्पाचा आहे, ओघळणाऱ्या घामाचा नव्हे; दोन्ही एकच समजू नका. तरी दिशा कळते. घामाने चिंब सुती चड्डी जड होते आणि पायाला चिकटते. वरिष्ठ गटाची हौशी लढत म्हणजे ३ मिनिटांच्या ३ फेऱ्या आणि मध्ये १-१ मिनिटाची विश्रांती, एकूण ११ मिनिटं. तेवढ्यासाठी हलकं, न चिकटणारं कापड हवं. त्याने घाम शोषला नाही तरी चालतं. घरचा बॉक्सर आपण पंधरा-सोळा तास अंगावर ठेवतो. मे महिन्यातला भंडारा आठवा आणि सांगा, तिथे पॉलिएस्टर चालेल का? तेव्हा ‘कोणतं कापड चांगलं’ हा प्रश्न अर्धवट आहे. किती वेळासाठी, कशावर, कोणत्या हवेत, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत करून बघण्यासारखं एक काम सांगतो. जुन्या बॉक्सरचा आणि जुन्या ट्रंक्सचा १० सेंमी × १० सेंमी तुकडा कापा, तराजूवर ग्रॅममध्ये वजन घ्या आणि १०० ने गुणा. मिळालं जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन. मग दोन्ही तुकडे पाण्यात बुडवा, ठरावीक वेळ टांगून निथळू द्या, पुन्हा वजन करा. एकाच तुकड्यावर थांबू नका, निदान पाच-पाच घ्या. आणि शिवण असलेला भाग टाळा, नाहीतर तुम्ही कापड नाही, दोरा मोजाल.

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न

‘बॉक्सर घातला की मूल व्हायला मदत होते.’ हे तुम्ही मोबाईलवर वाचलं असणार. त्याखाली बरेचदा चित्र असतं रिंगमधल्या ट्रंक्स घातलेल्या पैलवान गड्याचं. हा प्रश्न लाजून सोडून देण्यातला नाही. मूल होत नसलं की आपल्याकडे आधी बाईला डॉक्टरकडे नेतात, पुरुषाची तपासणी महिनोन्‌महिने लांबते. त्यात कुणी ‘चड्डी बदल’ एवढाच सल्ला देऊन तपासणी आणखी पुढे ढकलली, तर नुकसान खरं आहे.

मूळ कल्पना पक्की आहे. शुक्राणू नीट तयार व्हायला वृषणांचं तापमान शरीरापेक्षा २ ते ४ अंश कमी लागतं. म्हणून घट्ट कापड म्हणजे उष्णता, उष्णता म्हणजे कमी शुक्राणू, असा तर्क. तर्क सुंदर असला की मोजणी करायचा कंटाळा येतो, हा संशोधनातला जुना रोग.

१९९८ मध्ये अमेरिकेत मंकेलविट्झ आणि गिल्बर्ट यांनी वंध्यत्वाच्या तपासणीला आलेल्या ९७ पुरुषांचं तापमान प्रत्यक्ष मोजलं. बॉक्सर घालणाऱ्यांचं सरासरी ३३.८ अंश, ब्रीफ घालणाऱ्यांचं ३३.६ अंश. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. वीस वर्षांनी, २०१८ मध्ये, बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये आलेल्या ६५६ पुरुषांचा अभ्यास ‘ह्यूमन रिप्रॉडक्शन’मध्ये आला. त्यात बहुतेकदा बॉक्सर घालणाऱ्यांच्या वीर्यात शुक्राणूंची संहती २५ टक्क्यांनी आणि एकूण संख्या १७ टक्क्यांनी जास्त आढळली. बातम्या इथेच थांबल्या. तुम्ही थांबू नका.

एक, त्या अभ्यासात एफएसएच हे संप्रेरक बॉक्सरवाल्यांमध्ये १४ टक्क्यांनी कमी होतं. हा तपशील मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. वृषण मागे पडले की मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी एफएसएच वाढवून त्यांना हाकते. घट्ट कपडेवाल्यांमध्ये ते जास्त असणं म्हणजे शरीर कुठली तरी तूट भरून काढतंय असा इशारा. नुसत्या ‘कमी-जास्त’पेक्षा असा यंत्रणेचा धागा मिळाला की निष्कर्षाला वजन येतं. दोन, दोन्ही गटांचे सरासरी आकडे सामान्य मर्यादेतच होते. तीन, हे सगळे पुरुष वंध्यत्व केंद्रात आलेल्या जोडप्यांतले. रस्त्यावरचे कुणीही नव्हेत. चार, बॉक्सरवाले सरासरीने तरुण आणि सडपातळ होते. संशोधकांनी गणितात वय आणि वजन जमेस धरलं, पण वरची पँट घट्ट जीन्स होती की सैल, आणि आतलं कापड कोणतं, हे विचारलेलंच नव्हतं. थरांचा मुद्दा आठवला ना? आतला थर विचारला, बाहेरचा राहिला.

कापडाचा प्रश्न इजिप्तच्या अहमद शफीक यांनी उंदरांना पॉलिएस्टर, सुती आणि लोकरी चड्ड्या घालून तपासला होता. त्यासाठी त्यांना २०१६ मध्ये मरणोत्तर इग नोबेल मिळालं. हसा, पण प्रश्न वाईट नव्हता.

आणि पाचवी गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. बॉस्टनच्या प्रश्नावलीत गेल्या तीन महिन्यांत सर्वाधिक काय घातलं, असं विचारलं होतं. तीन महिने योग्यच, कारण एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. पर्याय होते: बॉक्सर्स, जॉकीज, बिकिनी, ब्रीफ्स आणि इतर. आता हीच प्रश्नावली मराठीत करून लाखांदूरच्या एखाद्या धान उत्पादकापुढे ठेवा. जॉकी त्याच्यासाठी प्रकार नाही, कंपनी आहे. बंगळूरची पेज इंडस्ट्रीज ती भारतात विकते आणि जॉकी नावाचा बॉक्सरही दुकानात मिळतो. मग जॉकीचा बॉक्सर घालणारा कुठे खूण करणार? नाडीची पट्टेरी चड्डी घालणारे त्याचे वडील ‘इतर’मध्ये जातील, आणि बॉक्सरपेक्षाही सैल कापड घालणारा माणूस तुमच्या आकडेमोडीत बॉक्सरवाल्यांत मोजलाच जाणार नाही. लंगोट कसणारा पैलवान त्याच ‘इतर’मध्ये त्याच्या शेजारी बसेल. सर्वांत सैल आणि सर्वांत घट्ट, दोघं एकाच खान्यात. पुढे कितीही भारी सांख्यिकी लावा, खाना आधीच बिघडलेला.

प्रश्नावलीचा शब्दशः अनुवाद करून ‘प्रमाणित साधन वापरले’ असं लिहिणारे प्रबंध मी पाहिले आहेत. माझ्या पहिल्या मसुद्यातही एका प्रश्नाचं तसंच केलं होतं. विषय वेगळा, चूक हीच. आता मी अशा ठिकाणी नाव विचारत नाही, गुण विचारतो: पायाला घट्ट बसते की सैल? कमरेला नाडी की इलॅस्टिक? कापड कोणतं? वरून काय घालता, आणि दिवसातले किती तास? चार साधे प्रश्न, चित्र दाखवता आलं तर आणखी उत्तम. दुकानदारापुढे उभे असल्यासारखे विचारा. लोक खरं सांगतात.

मामेभावाचं राहिलं. तो खेळतोच आहे. इथून साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या नागपूरची अल्फिया पठाण २०२१ मध्ये पोलंडला युवा विश्व अजिंक्यपद जिंकून आली, तिच्या लढतीचा व्हिडिओ त्याने इतक्यांदा बघितलाय की मामींनी मोबाईल काढून घेतला. पुढच्या चाचणीसाठी तयार ट्रंक्स मागवण्याऐवजी मामांनी शिंप्याकडे शिवायला टाकली, एक लाल, एक निळी, कारण कोपरा कोणता मिळेल ते आधी ठरत नाही. मी कागदावर मापं, लांबी, पट्ट्याचा वेगळा रंग, सगळं लिहून दिलं होतं. शिंप्याने कागद बाजूला ठेवला आणि पोराला विचारलं, “याच्या आतून काय घालशीन?”

गार्ड, तो म्हणाला.

“मंग थे घालून ये घरून. माप मंग घेतो.”